आठ किलो जास्त

फुजैराच्या पाठीशी डोंगर आहेत, बिनझाडांचे.
ते फोडून, चाळून, ट्रकात भरून
बंदराकडे नेतात. मध्ये आमचा वजनकाटा.
रात्रपाळीला आम्ही दोघं:
केबिनमध्ये मी, पावत्या फाडणारा,
फाटकाशी फिफी, शिट्टी आणि टॉर्च घेऊन.

दोन ट्रकांच्या मधल्या वेळात
तो आजोबा सांगतो.
हप्त्याहप्त्याने, आमच्या पगारासारखे,
मागचं राहिलेलं आधी.

कोबिना एसिलफी, विनेबा गावचे.
तेव्हा त्या देशाला गोल्ड कोस्ट म्हणायचे,
म्हणजे नावातच मालाची यादी.
सुरुवात माझ्यासारखीच, काट्यावरचा कारकून.
गोऱ्या कंपनीचा काटा, कोकोची पोती,
पोत्यामागे दोन पौंड गायब.
तीन वर्षं त्यांनी तो खोटा आकडा
सुंदर अक्षरात लिहिला.
(हे फिफी लपवत नाही. मी लपवलं असतं.)
चौथ्या वर्षी टॉवेलात गुंडाळून
घरून एक लोखंडी वजन नेलं
आणि सगळ्या शेतकऱ्यांदेखत पारड्यात ठेवलं.

"मापात पाप," मी म्हणालो. अर्थ सांगितला.
त्याने जिभेवर घोळवून पाहिलं.
"मापात बाप," म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.

नोकरी गेली. मग चार पानी वर्तमानपत्र,
मग नगरपालिका, चार महिने तुरुंग,
मग अक्राची विधान परिषद,
जिथे प्रश्न विचारायची मुभा होती
आणि उत्तर द्यायची सक्ती नव्हती.
सात वर्षं एकच प्रश्न: काटे कोण तपासतं?
सात वर्षं एकच उत्तर: बाब विचाराधीन आहे.

थांब, ट्रक आला.
झरवली खानाचा, एक दिवा गेलेला.
सेहेचाळीस टन तीनशे ऐंशी.
धूळ बसेपर्यंत कोणी बोलत नाही.

तर, आजोबा म्हणायचे: स्वराज्य, लवकरात लवकर.
पोरं म्हणाली: आत्ता.
तेवढ्यावरून निवडणूक गेली,
एक्केचाळीस मतांनी, आणि ज्याच्याकडे गेली
तो त्यांच्याच छापखान्यात मुद्रितं तपासायचा.
"चुका छान शोधायचा," आजोबा सांगत,
"माझ्यासुद्धा."

मार्चमधल्या त्या मध्यरात्री झेंडा बदलला.
कोट इस्त्री करून ठेवला होता.
निमंत्रण आलं नाही. त्यांनी पोस्टाला दोष दिला.
अंगणात रेडिओ लावला,
आणि नवं गीत सुरू झालं तेव्हा
एकाच पायात बूट चढला होता,
तसेच उभे राहिले.
आजीने कंदील वर धरला, कशासाठी कोण जाणे.

सकाळी, स्वतंत्र देशात,
टॉवेल काखेत मारून ते बाजारात गेले.
काटे कसे निघाले, हे फिफी सांगत नाही.
दोनदा विचारलं. दोनदा ट्रक आला.

इथल्या कागदांवर आजोबांचंही नाव लागतं.
टायपिंग सेंटरवाल्याने "कोबिना एसि" एवढंच टंकलं,
चौकट संपली.
फिफी ते कार्ड गळ्यात घालतो,
रोज तीच बाजू आत वळवून.

पहाटे चारला रस्ता रिकामा झाला
की तो बूट काढून काट्यावर उभा राहतो.
साठ टनांचा काटा, माणसासाठी नव्हे,
वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो.
क्लिनिकच्या कार्डावर फिफी बहात्तर.
इथे लाल आकडे म्हणतात ऐंशी.
"आठ किलो जास्त," मी काचेतून ओरडतो.
"माझे नाहीत," तो ओरडतो,
"लिहून ठेव कुठेतरी."

पावतीत तसा रकाना नाही.
मी एक कोरी पावती फाडली,
ट्रक क्रमांक रिकामा सोडला,
माल: या शब्दापुढे पेन टेकवलं,
तेवढ्यात वळणावर पुन्हा
झरवलीचा एकच दिवा.